वारल्यांच्या गोदूताई

मुंबईहून उत्तरेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सुमारे सव्वाशे किलोमीटर अंतरावर डहाणू हे गाव आहे. गावाच्या पश्चिमेस अरबी समुद्र पसरला आहे. किनाऱ्यालगत चिकूच्या वाड्या व ताडांच्या रांगा आहेत. पूर्वेकडे वळले, की थोड्याच वेळात डोंगर व जंगल सुरू होते. डहाणूच्या उत्तरेस, गुजरातच्या सीमेला लागून, तलासरी तालुका आहे. डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत. त्यापूर्वी ते ठाणे जिल्ह्यात मोडत. तलासरीचा मुलूख त्याही आधी उंबरगाव तालुक्यात होता. १९६० साली महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्ये झाली, तेव्हा तो भाग महाराष्ट्राकडे राहिला व त्याचा निराळा तालुका झाला.

या डोंगराळ मुलखात वारली लोकांची वस्ती फार जुनी आहे. कुडाच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने रेखाटलेली त्यांची चित्रे आज जगभर नावाजली जातात. तारप्याच्या सुरावर फेर धरून नाचणारे स्त्री-पुरुष त्या चित्रांत दिसतात. ती चित्रे पाहून या लोकांचे जीवन नेहमीच आनंदाचे असावे, असे कोणासही वाटेल. परंतु ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वी येथील वारल्यांची स्थिती अत्यंत कष्टाची होती.

वारली ज्या जमिनी पिढ्यान् पिढ्या कसत आले, त्या जमिनी इंग्रजी अमदानीत हळूहळू त्यांच्या हातून गेल्या. सारा रोख भरावा लागे आणि रोख पैसा तर त्यांच्यापाशी नसे. मग ते सावकाराकडून कर्ज घेत. पावसाळ्यात घरातील धान्य संपले, की खावटी म्हणून भात उसने घेत. कागदावर काय लिहिले आहे हे वाचता येत नसल्याने सावकार सांगेल तेथे ते अंगठा उठवीत. अशा रीतीने जमिनी सावकारांच्या व जमीनदारांच्या नावे झाल्या आणि जमिनीचे धनी आपल्याच शेतावर कूळ होऊन बसले.

एवढ्यावर भागत नसे. जमीनदाराच्या खाजगी शेतावर वारल्यांना फुकट राबावे लागे. यालाच वेठ म्हणत. ऐन पेरणीच्या दिवसांत बोलावणे आले, की स्वतःचे शेत तसेच टाकून तेथे जावे लागे. न जाणाऱ्यास मार बसे. याहूनही वाईट प्रथा होती ती लग्नगड्यांची. एखाद्या गरीब तरुणाने लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घेतले, की ते फिटेपर्यंत नवराबायको दोघांनी त्याच्या घरी चाकरी करायची. कर्जाचा हिशेब जमीनदाराच्याच हाती असल्याने ते कधी फिटतच नसे. शंभर-दोनशे रुपयांपायी दोन माणसांचे सारे आयुष्य गहाण पडे.

या लोकांना सर्वांत अधिक जखडून टाकले होते ते भीतीने. जमीनदाराची भीती, त्याच्या माणसांची भीती, पोलिसांची भीती, कागदाची भीती. ही भीती घालविण्यासाठी जी स्त्री त्यांच्यात येऊन राहिली, ती या डोंगरातली नव्हती. ती पुण्याच्या एका सुखवस्तू घरात वाढली होती. तिचे नाव गोदावरी परुळेकर.

गोदावरीबाईंचा जन्म १४ ऑगस्ट १९०७ रोजी पुण्यात झाला. त्यांचे माहेरचे आडनाव गोखले. वडील वकिली करीत. घरात विद्येचे वातावरण होते. मुलींनी लवकर संसारास लागावे असे मानणाऱ्या त्या काळात गोदावरीबाईंनी फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण घेतले व पुढे कायद्याचीही पदवी मिळविली. कायद्याची पदवी घेणाऱ्या महाराष्ट्रातील अगदी आरंभीच्या स्त्रियांत त्यांची गणना होते. वकिली करून त्या मान व धन दोन्ही मिळवू शकल्या असत्या. परंतु देशात स्वातंत्र्याची चळवळ जोरात होती. १९३२ साली सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल त्यांना तुरुंगवास घडला. वडिलांना हा मार्ग रुचला नाही. तेव्हा गोदावरीबाईंनी घरचे सुख मागे ठेवले आणि समाजसेवेसाठी त्या मुंबईस आल्या.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज ही संस्था स्थापन केली होती. देशसेवेस वाहून घेणारे सुशिक्षित कार्यकर्ते तयार करावेत, हा तिचा हेतू होता. आजीव सदस्य होणाऱ्यास अल्प वेतनात साधेपणाने राहण्याचे व्रत घ्यावे लागे. १९३६ साली गोदावरीबाई या संस्थेच्या आजीव सदस्य झाल्या. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत.

यानंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी निरनिराळी कामे अंगावर घेतली. १९३७-३८ च्या सुमारास त्यांनी प्रौढांच्या साक्षरतेची मोहीम चालविली. दिवसभर राबून थकलेल्या माणसांच्या हाती पाटी देणे सोपे नव्हते. परंतु कागद वाचता येत नाही म्हणून माणूस कसा फसविला जातो, हे कायदा शिकलेल्या गोदावरीबाई चांगल्या रीतीने जाणून होत्या. १९३८ साली त्यांनी घरकाम करणाऱ्या नोकरांना एकत्र आणण्याचा उद्योग आरंभिला. गिरण्यांतील मजूर एका छताखाली हजारोंच्या संख्येने काम करतात. त्यांची संघटना होऊ शकते. घरगडी मात्र प्रत्येक घरात एकटा. त्याला कामाचे ठरलेले तास नाहीत, सुटीचा दिवस नाही, दाद मागण्यास जागा नाही. अशा विखुरलेल्या माणसांची संघटना बांधता येते, हे गोदावरीबाईंनी त्या वेळी अनुभवले. पुढे डहाणूच्या डोंगरात, दूर दूर पसरलेल्या पाड्यांवर काम करताना हा अनुभव त्यांच्या उपयोगी पडला.

भारत सेवक समाजातच त्यांची ओळख श्री. शामराव परुळेकर यांच्याशी झाली. शामरावही त्या संस्थेचे कार्यकर्ते होते. कोकणातील खोतीच्या जुलमाविरुद्ध शेतकऱ्यांची बाजू घेऊन ते झगडत होते. १९३९ साली या दोघांचा विवाह झाला. त्याच सुमारास दोघांनी साम्यवादी पक्षात प्रवेश केला आणि भारत सेवक समाजाशी असलेला त्यांचा संबंध संपला. संसार म्हणजे घर, भांडीकुंडी व बेताची मिळकत, असा सामान्य समज असतो. या जोडप्याचा संसार मात्र सभा, पायपीट व तुरुंग यांतच झाला. १९४० ते १९४२ या काळात महायुद्धाला विरोध केल्याबद्दल दोघांनाही कारावास भोगावा लागला. पती-पत्नी एकाच कामाला लागली, तर घर सुटले तरी सोबत सुटत नाही, हे या दोघांच्या आयुष्यावरून दिसून येते.

जानेवारी १९४५ मध्ये कल्याणजवळच्या टिटवाळा येथे महाराष्ट्रातील शेतकऱ्यांची किसान सभेची परिषद भरली. तेथे उंबरगाव तालुक्यातून थोडे वारलीही आले होते. त्यांत माह्या धांगडा हा वारली होता. वेठबिगारीत पिचलेल्या आपल्या लोकांचे दुःख या मंडळींनी सर्वांपुढे मांडले. ते ऐकून परुळेकर पती-पत्नींनी वारल्यांच्या मुलखात काम करण्याचा निश्चय केला.

गोदावरीबाई प्रथम पाड्यांवर गेल्या, तेव्हा वारल्यांनी त्यांचे स्वागत केले असे नाही. शहरातून आलेला माणूस म्हणजे जमीनदाराचा पाहुणा, नाही तर सरकारचा अंमलदार, हाच त्यांचा आजवरचा अनुभव होता. पांढरपेशी स्त्री पाहून लोक बोलेनासे होत. मग गोदावरीबाईंनी मैलोगणती पायी हिंडण्यास आरंभ केला. रात्र पडेल तेथे त्या वारल्याच्या झोपडीत मुक्काम करीत. घरात जे शिजले असेल ते खात. वारली बोली त्यांनी कानांनी ऐकून आत्मसात केली. उपदेश करण्यापूर्वी ऐकून घ्यावे, हा त्यांचा नियम होता. बायका पाणी आणायला निघाल्या, की बाईही त्यांच्याबरोबर बोलत चालत. हळूहळू झोपड्यांची दारे उघडली आणि त्यांच्याबरोबर मनेही उघडली. 'बाई' या परक्या संबोधनाच्या जागी 'गोदूताई' हे घरचे नाव आले.

२३ मे १९४५ रोजी झरी या गावी वारल्यांची मोठी परिषद भरली. सुमारे पाच हजार लोक जमले होते. यापूर्वी जमीनदाराच्या हाकेवाचून एवढे वारली एका जागी कधी आले नव्हते. त्या सभेत चार गोष्टी ठरल्या. जमीनदाराची वेठ यापुढे करावयाची नाही. त्याच्या खाजगी शेतावर काम केले, तर दिवसाची बारा आणे रोख मजुरी घ्यावयाची. कोणी मारहाण करू लागला, तर ती मुकाट्याने सोसावयाची नाही. आणि सर्वांनी एकीने राहावयाचे.

आज वाचताना या गोष्टी अगदी साध्या वाटतात. कामाचा मोबदला मागावा आणि मार खाऊ नये, यात विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. परंतु ज्यांच्या आजा-पणजांनीही 'नाही' हा शब्द उच्चारला नव्हता, त्यांच्या दृष्टीने तो एक शब्द फार मोठा होता. परिषदेहून परतलेले तरुण गावोगाव गेले. वेठ बंद झाली. जमीनदारांच्या घरी अडकलेले लग्नगडी मोकळे झाले. आपल्या देशात वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. त्यापूर्वी तीस वर्षे डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी ती प्रथा आपल्या एकीच्या बळावर मोडून काढली होती.

पावसाळा संपला, की या जंगलात गवत कापण्याचे काम सुरू होई. वारल्यांनी ठरविले, की ५०० पौंड गवत कापण्याबद्दल अडीच रुपये मजुरी मिळाल्यावाचून विळा हाती धरायचा नाही. संप सुरू झाला. तो चालू असतानाच एक दुःखद घटना घडली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी गावोगाव खोटा निरोप फिरविण्यात आला. गोदूताईंची तलवाडा येथे सभा आहे, त्यांच्या जिवाला धोका आहे, सर्वांनी धावून यावे, असा तो निरोप होता. निरोप ऐकताच हजारो वारली रानवाटा तुडवीत तलवाड्यास जमले. गोदूताई तेथे नव्हत्याच. दुसरीकडे, वारली दंगा करावयास जमले आहेत, असे पोलिसांना कळविण्यात आले होते. पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड व त्याचे चार सोबती प्राणास मुकले.

गोळ्या सुटत असतानाही लोक तेथून हलले नाहीत. आपण निघून गेलो, तर गोदूताईंचे काय होईल, हीच चिंता त्यांना होती. तासन् तास ते बसून राहिले. काही महिन्यांपूर्वी जमीनदाराची चाहूल लागताच लपणारी ही माणसे. त्यांनी आपल्या मैत्रिणीसाठी मृत्यूची भीतीही बाजूस सारली. मैत्रीचे मोल याहून मोठे कोणते असणार? गोदावरीबाई वारल्यांना निर्भय करावयास आल्या होत्या. तलवाड्याच्या त्या रात्री वारल्यांनीच त्यांना निर्भयतेचा अर्थ शिकविला, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. १० ऑक्टोबर हा दिवस या भागात हुतात्म्यांच्या स्मरणार्थ पाळला जातो.

सरकारने परुळेकर पती-पत्नींना ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केले. तरी लढा थांबला नाही. १९४६ साली जंगलातील लाकूडतोडीच्या मजुरीसाठीही वारल्यांनी संप केला. नेते जवळ नसतानाही लोकांनी शिस्त राखली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जो पुढारी गेल्यावर काम बंद पडते, त्याने काम पुरते शिकविलेले नसते. गोदावरीबाईंनी लोकांना स्वतःच्या पायांवर उभे राहण्यास शिकविले होते.

देश स्वतंत्र झाल्यावरही त्यांचा मार्ग सुखाचा झाला नाही. राजकीय मतांमुळे त्यांना पुन्हा तुरुंगात जावे लागले. त्यांच्या आयुष्यातील सुमारे आठ वर्षे अशी बंदिवासात गेली. १९५७ साली ठाणे मतदारसंघातून शामराव लोकसभेवर निवडून आले. पुढे १९६५ साली, स्थानबद्धतेत असतानाच, शामरावांचे निधन झाले. सव्वीस वर्षांची सोबत तुटली. गोदावरीबाई त्या वेळी अठ्ठावन्न वर्षांच्या होत आल्या होत्या. या आघातानंतर त्या निवृत्त झाल्या असत्या, तर कोणी त्यांना दोष दिला नसता. परंतु दोघांनी मिळून उचललेले ओझे त्यांनी एकटीने पुढे नेले.

याच काळात त्यांच्या हातून आणखी एक मोठे काम झाले. वारल्यांच्या लढ्याची हकीकत त्यांनी मराठीत लिहिली. 'जेव्हा माणूस जागा होतो' या नावाने ते पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले. कादंबऱ्यांत व चरित्रांत राजेरजवाडे व थोर पुढारी भेटतात. या पुस्तकात मात्र कुडाच्या झोपडीत राहणारी, अंगठा उठविणारी माणसे नायक झाली आहेत. १९७२ साली या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या तुरुंगवासाच्या आठवणी त्यांनी 'बंदिवासाची आठ वर्षे' या दुसऱ्या पुस्तकात लिहून ठेवल्या. १९८६ साली त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. हे पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

८ ऑक्टोबर १९९६ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, गोदावरीबाईंचे निधन झाले. सत्याग्रही, शिक्षिका, घरगड्यांच्या संघटक, शेतकऱ्यांच्या पुढारी व लेखिका अशा किती तरी भूमिका त्यांनी एका जन्मात पार पाडल्या. काम बदलले, गाव बदलले, पक्षही बदलला. पण ज्याचा आवाज कोणी ऐकत नाही, त्याच्याजवळ जाऊन बसावे व त्याला बोलते करावे, हे सूत्र त्यांनी कधी सोडले नाही. त्यांच्या राजकीय मतांविषयी मतभेद असू शकतील. त्यांच्या निर्भयतेविषयी व निःस्वार्थीपणाविषयी मतभेद होणार नाही.

सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत आहे. तिला गोदूताईंचे नाव आहे. तलासरीत परुळेकर दांपत्याने आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी आदिवासी प्रगती मंडळाची उभारणी केली. तेथील महाविद्यालयासही गोदावरी शामराव परुळेकर हेच नाव दिलेले आहे. ज्या मुलखात कागदाच्या भीतीने माणसे अंगठा उठवीत, त्याच मुलखातील वारल्यांची मुले-मुली आज त्या महाविद्यालयाच्या हजेरीपटावर स्वतःचे नाव स्वतःच्या हाताने लिहितात.

स्वाध्याय

१. वारल्यांच्या जमिनी त्यांच्या हातून कशा गेल्या, ते आपल्या शब्दांत सांगा.

२. वेठ व लग्नगडी या प्रथा कशा होत्या?

३. झरी येथील परिषदेत कोणत्या चार गोष्टी ठरल्या? त्यांपैकी तुम्हांला सर्वांत महत्त्वाची कोणती वाटते? का?

४. कारणे लिहा: (अ) आरंभी वारली गोदावरीबाईंशी बोलत नसत. (आ) तलवाडा येथे गोळीबार होऊनही लोक हलले नाहीत.

५. 'जो पुढारी गेल्यावर काम बंद पडते, त्याने काम पुरते शिकविलेले नसते.' या वाक्याचा अर्थ एक उदाहरण देऊन स्पष्ट करा.

६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा: अंगठा उठविणे, व्रत घेणे, दाद मागणे, प्राणास मुकणे.

७. उपक्रम: तुमच्या गावातील एखाद्या वृद्ध व्यक्तीस भेटून तिच्या तरुणपणी मजुरी किती मिळे व ती कशी दिली जाई, याची माहिती लिहून आणा.